अंगची शैली न मोडता गोलंदाजीची ॲक्शन सुधारण्याचा क्रम

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातील बहुतेक मुले गोलंदाजी शिकतात ती टेनिसच्या चेंडूने, सुगी आटोपल्यावर मोकळ्या झालेल्या शेतवडीत किंवा गल्लीजवळच्या मैदानावर. लेदरचा चेंडू हातात येतो तेव्हा त्यांची ॲक्शन अंगात मुरलेली असते. त्यानंतर दोनपैकी एक चूक हमखास होते. एक तर नेटमध्ये कोणीतरी ‘हे सगळे चुकीचे आहे’ असे सांगून त्या मुलाची पावले, खांदा, हात आणि मनगट एकाच आठवड्यात बदलायला लावतो, आणि त्याचा जुना वेगही जातो व नवी अचूकताही येत नाही. नाही तर तो मुलगा ‘ही माझी नैसर्गिक शैली आहे’ म्हणून कशालाच हात लावू देत नाही आणि अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी कंबर धरून बसतो.

ॲक्शनचे सगळे भाग सारख्या महत्त्वाचे नसतात. काही भाग शरीराचा भार पेलतात. तेथे प्रस्थापित पद्धत पाळावीच लागते. काही भागांमुळे चेंडू फलंदाजाला अनोळखी वाटतो. तेथे शक्यतो हात लावू नये. पुढील सूचना उजव्या हाताने टाकणाऱ्या मध्यमगती गोलंदाजाला समोर ठेवून लिहिल्या आहेत. डावखुऱ्याने दिशा उलट धराव्यात. फिरकीसाठी जेथे फरक पडतो तेथे तो नोंदवला आहे.

सुरुवात करण्यापूर्वी

या कामासाठी सहा ते आठ आठवडे असे निवडावेत की ज्यात निवड चाचणी किंवा महत्त्वाचा सामना नसेल. आपल्याकडे पावसाळ्याचा उत्तरार्ध त्यासाठी चांगला. नेट बंद असली तरी उभ्याने आणि चालत करायचा सराव शाळेच्या व्हरांड्यात किंवा मंगल कार्यालयाच्या ओसरीतही होतो, कारण त्याला धावायला जागा लागत नाही. हंगाम तोंडावर आला असताना ॲक्शन बदलायला घेणे ही या सगळ्या प्रकारातील सर्वांत महागडी चूक आहे.

साहित्य थोडे लागते: स्लो मोशन असलेला मोबाइल, तो कमरेच्या उंचीवर ठेवण्यासाठी स्टँड किंवा स्टूल, मैदान आखायची फक्की, आठ-दहा मीटर दोरी, चार-पाच यष्ट्या आणि योग्य वजनाचा चेंडू. पुरुषांच्या क्रिकेटमधील लेदरचा चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅमचा असतो, महिलांचा १४० ते १५१ ग्रॅमचा आणि १३ वर्षांखालील मुलांचा १३३ ते १४४ ग्रॅमचा. बारा वर्षांच्या मुलाच्या हातात मोठ्यांचा चेंडू देऊन त्याच्या खांद्याची ठेवण तपासू नये. तेथे दिसणारा दोष बहुधा चेंडूच्या वजनाचा असतो.

जागेकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी सराव काँक्रीटवर अंथरलेल्या मॅटवर होतो आणि आजूबाजूची जांभ्याची लाल जमीन उन्हाळ्यात दगडासारखी होते. अशा वेळी पुष्कळदा मागचा पाय मातीवर आणि पुढचा मॅटवर पडतो. या दोन पातळ्यांत बोटभर जरी फरक असला तरी गोलंदाज नकळत शेवटचे पाऊल आखडते घेतो आणि तो दोष नंतर त्याच्या ॲक्शनच्या नावावर मांडला जातो. मॅटची कड ताणून खिळ्यांनी पक्की केलेली आहे ना, हे चेंडू हातात घेण्याआधी पाहावे. मॅटवर स्पाइकचे बूट वापरू नयेत. टाचेखाली जाड गादी असलेले रबरी तळव्याचे बूट घालावेत.

*सावधान:* कमरेच्या खालच्या भागात एकाच बाजूला दुखत असेल आणि मागे वाकल्यावर ते वाढत असेल, तर सराव सुरू करू नये. वाढत्या वयाच्या वेगवान गोलंदाजात हे मणक्याच्या हाडाला बारीक चीर पडल्याचे लक्षण असू शकते. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. मलम चोळून आणि पट्टा बांधून गोलंदाजी चालू ठेवू नये.

टप्पा १ : आहे तशी ॲक्शन नोंदवणे

शरीर मोकळे करून, कोणतीही सूचना मनात न आणता, नेहमीच्या वेगाने बारा चेंडू टाकावेत. चार चेंडूंचे चित्रण बाजूने, चारांचे यष्ट्यांच्या पाठीमागून आणि चारांचे फलंदाजाच्या बाजूने जाळीआडून करावे. बाजूचा कॅमेरा क्रीजच्या अगदी समोर हवा. तो तिरका ठेवला तर कोपर सरळ की वाकलेले, हे त्यात चुकीचे दिसते. त्यानंतर तीन-चार षटके टाकून दमल्यावर पुन्हा सहा चेंडू नोंदवावेत. ताज्या शरीराने लपवलेले दोष दमलेले शरीर उघड करते, आणि दुरुस्त करायचे असतात ते बहुतांश हेच.

क्रीजवर फक्कीचा पातळ थर पसरावा. प्रत्येक चेंडूनंतर मागच्या व पुढच्या पायाचा ठसा पाहून त्याची दिशा वहीत काढून ठेवावी. उजव्या बुटाची पुढची कडही पाहावी. ती अंगठ्यापाशी झिजून फाटलेली असेल तर मागचा पाय जमिनीवरून ओढला जातो आहे. हे वेगवान गोलंदाजात सर्रास दिसते आणि थोडेफार असणे वाईट नाही. मात्र झीज बुटाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या बाजूला असेल तर मागचा पाय पडताना बाहेर कलंडतो आहे असे समजावे.

*तपासणी:* बारा ठशांपैकी नऊ-दहा ठसे एका वीतभर जागेत पडतात का? पडत असतील तर ॲक्शन दिसायला कितीही विचित्र असो, तिला शिस्त आहे.

टप्पा २ : काय ठेवायचे, काय बदलायचे

प्रत्येक वेगळ्या वाटणाऱ्या गोष्टीला तीन प्रश्न विचारावेत. याने शरीराला इजा होते का? हे नियमाबाहेर आहे का? यामुळे टप्पा आणि दिशा चेंडूगणिक बदलते का? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर ती गोष्ट शैली आहे, तिला हात लावू नये. एकाचे जरी ‘होय’ असेल तरी तो दोष आहे, मग तो कितीही जुना आणि लाडका असो.

कर्नाटकातच याची दोन ठळक उदाहरणे आहेत. भागवत चंद्रशेखर यांचा उजवा हात लहानपणी पोलिओने अधू झाला होता. त्याच हाताने वेगवान लेगस्पिन टाकत त्यांनी ५८ कसोटींत २४२ बळी घेतले. अनिल कुंबळे यांची फिरकी वेगवान आणि कमी वळणारी होती. ‘लेगस्पिन म्हणजे हळू आणि उंच’ या साच्यात त्यांना बसवले असते तर त्यांच्या उंचीचा आणि उसळीचा उपयोगच उरला नसता.

जसप्रीत बुमराचे उदाहरण मात्र बहुतेक जण उलटे वाचतात. त्याची अडखळत येणारी आखूड धाव आणि ताठ हात तेवढे उचलले जातात. पुढचा पाय पडताना त्याचा गुडघा किती ठाम राहतो आणि चेंडू किती पुढे जाऊन सुटतो, हे कोणी पाहत नाही. त्याच्या कोपरातील अतिरिक्त ताण ही त्याच्या सांध्याची ठेवण आहे, ती सरावाने येत नाही. शिवाय २०१९ मध्ये त्याच्या पाठीच्या हाडाला चीर पडली आणि २०२३ मध्ये पाठीवर शस्त्रक्रिया झाली, हेही नक्कल करणाऱ्याने लक्षात घ्यावे. आपली शैली जपणे आणि दुसऱ्याची विचित्र शैली उसनी घेणे या परस्परविरुद्ध गोष्टी आहेत. अनगोळच्या किंवा येळ्ळूरच्या मुलाने बुमरासारखे टाकणे यात नैसर्गिक काहीच नाही.

या टप्प्याच्या शेवटी वहीत दोन याद्या असाव्यात. बदलायच्या यादीत तीनपेक्षा जास्त गोष्टी आल्या असतील तर निकष फार कडक लावले गेले आहेत, पुन्हा पाहावे.

टप्पा ३ : मागचा पाय, कंबर आणि खांदे एका रेषेत आणणे

सगळ्या लेखात वेळ द्यायचा तो येथे. गोलंदाजीचे मान्य प्रकार तीन आहेत. आडव्या ॲक्शनमध्ये मागचे पाऊल क्रीजला समांतर पडते, खांदे खेळपट्टीच्या रेषेत असतात आणि गोलंदाज पुढच्या हाताच्या बाहेरून फलंदाजाकडे पाहतो. समोरच्या ॲक्शनमध्ये पाऊल फलंदाजाकडे वळलेले असते, छाती समोर असते आणि नजर पुढच्या हाताच्या आतून जाते. तिसरा प्रकार या दोहोंच्या मधला, पाऊल तिरके आणि खांदेही तितकेच तिरके. तिन्ही योग्य आहेत. एकाला दुसऱ्यात बदलण्याचे कारण सहसा नसते.

दोष आहे तो मिश्र ॲक्शनमध्ये. येथे पाऊल आणि कंबर समोर असतात पण खांदे आडवे असतात, किंवा पाऊल पडल्यानंतर खांदे आधी मागे वळून मग पुढे येतात. मणका मध्ये पिळला जातो आणि त्याच क्षणी पुढच्या पायातून शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब वर येतो. कंबरेच्या हाडाला चिरा पडण्याशी या पिळाचा संबंध अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसला आहे. टेनिस क्रिकेटमधून आलेल्या मुलांत हा दोष बराच आढळतो, कारण हलक्या चेंडूला वेग द्यायचा म्हणून ते कंबर समोर ठेवून खांदा मागे ताणायला शिकलेले असतात.

दुरुस्ती करताना पाऊल तसेच ठेवावे आणि खांदे पावलाशी जुळवावेत. बहुतेक जण उलट करतात, म्हणजे चांगले पडणारे पाऊल जबरदस्तीने आडवे करतात. त्यामुळे धाव मोडते, गुडघ्यावर ताण येतो आणि पिळ तसाच राहतो. सराव असा करावा:

१. वहीतील नोंदीप्रमाणे मागचे पाऊल ज्या कोनात पडते त्या कोनात फक्कीने रेघ मारून त्यावर उभे राहावे. पुढचा गुडघा वर, पुढचा हात वर. दोन्ही खांद्यांवर आडवी यष्टी धरून पाहावे. यष्टी आणि कंबर एकाच दिशेला आहेत ना, हे जोडीदाराने सांगावे.

२. त्याच स्थितीतून पुढचा पाय टाकून चेंडू सोडावा. वेग नको. पंधरा-वीस चेंडू पुरेत.

३. दोन पावले चालत येऊन हेच करावे. खांदे पुन्हा मागे वळू लागले तर पहिल्या पायरीवर परत जावे.

हे आठवड्यातून चार दिवस, दोन ते तीन आठवडे चालते. कंटाळवाणे आहे आणि मुले येथेच घाई करतात. चालत येऊन दहापैकी आठ चेंडूंत खांदे जुळत नाहीत तोवर धावू नये.

*तपासणी:* पाठीमागून घेतलेले चित्रण मागचा पाय टेकण्याच्या क्षणी थांबवावे आणि पुढचा पाय टेकण्याच्या क्षणी पुन्हा थांबवावे. या दोन चित्रांच्या दरम्यान खांदे मागे वळलेले दिसत असतील तर काम पूर्ण झालेले नाही.

टप्पा ४ : पुढचा पाय, डोके आणि पुढचा हात

मागच्या पायाच्या टाचेपासून समोरच्या मधल्या यष्टीपर्यंत दोरी ताणावी. पुढचे पाऊल या दोरीवर किंवा तिच्या थोडे डावीकडे पडावे. ते दोरीच्या बरेच उजवीकडे पडले तर कंबर अडकते आणि चेंडू सोडण्यासाठी शरीर त्या पायाला वळसा घालते. फार डावीकडे पडले तर अंग डावीकडे ढासळते आणि सगळा भार खांद्यावर येतो.

गुडघ्याविषयी एक गैरसमज आहे. ‘पुढचा पाय सरळ ठेव’ असे सांगितले की मुले पाय खांबासारखा ताठ करून जमिनीवर आपटतात, आणि काँक्रीटवरच्या मॅटवर त्याचा मार थेट कमरेला बसतो. पाय टेकताना गुडघ्यात थोडी लवचीकता असावी; चेंडू सुटेपर्यंत तो आणखी खाली बसू नये, इतकेच पाहायचे आहे. ज्याचा गुडघा पहिल्यापासून थोडा वाकूनच स्थिर राहतो त्याला तो तसाच राहू द्यावा.

डोके लक्ष्याकडे राहावे. पुढचा हात उंच असावा की आखूड, हा शैलीचा प्रश्न आहे. तो कोणत्या बाजूला खेचला जातो, हा तंत्राचा. डाव्या बरगडीशी आणि खाली खेचला तर डोके सरळ राहते, बाहेर फेकला तर डोके त्याच्यामागे जाते.

टप्पा ५ : टाकणारा हात आणि मनगट

येथे शक्य तितके कमी करावे. हात कानाजवळून जातो की बाजूने, यात सुधारणा करण्याचा मोह प्रत्येक प्रशिक्षकाला होतो; श्रीलंकेचा वेगवान गोलंदाज लसित मलिंगा याचा जवळजवळ आडवा हात याच मोहातून वाचला म्हणून त्याचे यॉर्कर राहिले. हाताची वाट बदलली की टप्प्याचा अंदाज मुळापासून पुन्हा बसवावा लागतो. तीन प्रश्नांच्या कसोटीवर ती नापास झाली नसेल तर सोडून द्यावी.

अपवाद कोपराचा. हात खांद्याच्या पातळीवर आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये. वाकलेला हात तसाच वाकलेला राहिला तर तो नियमात बसतो. वाकलेला हात झटक्याने सरळ झाला तर ती फेक होते. मोबाइलवर अंश मोजता येत नाहीत, पण बाजूच्या चित्रणात झटका नुसत्या डोळ्याला दिसत असेल तर दुरुस्ती हवीच. टेनिस स्पर्धांत पंच पुष्कळदा याकडे दुर्लक्ष करतात आणि तोच मुलगा हुबळी-धारवाडला लेदरच्या सामन्यात गेल्यावर पहिल्या षटकात अडकतो. फक्त जलद यॉर्करला किंवा दूसरासारख्या (ऑफस्पिनरच्या उलट्या दिशेने वळणाऱ्या) एखाद्याच चेंडूला झटका येत असेल तर तो चेंडू बाजूला ठेवावा, सगळी ॲक्शन उकरू नये.

चेंडू पकडण्याची पद्धत मात्र बहुतेकांना नव्याने शिकावी लागते. टेनिसचा साधा चेंडू ५६ ते ५९ ग्रॅमचा असतो, लेदरचा त्याच्या पावणेतीन पट जड. हलका चेंडू तळव्यात खोल, तीन बोटांनी धरायची सवय असते. लेदरच्या चेंडूची शिवण तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये उभी ठेवावी, अंगठ्याची कड खाली शिवणीवर टेकावी आणि चेंडू व तळवा यांत बोट शिरेल एवढी फट राहावी. वजनाची सवय खांद्याला हळूहळू होते. पहिले दोन आठवडे निम्म्या वेगापेक्षा जास्त जोर लावू नये.

फिरकी टाकणाऱ्यांनी पकड बोटांच्या लांबीप्रमाणे ठरवावी. त्यांनी लक्ष द्यावे ते पुढच्या पायाच्या चवड्यावर शरीर पूर्ण वळते का याकडे. टेनिसच्या चेंडूला नुसत्या मनगटाने वळण मिळते, त्यामुळे ही सवयच लागलेली नसते.

टप्पा ६ : धाव आणि क्रीज

धावेची दुरुस्ती पहिल्यांदा न घेता सहाव्या टप्प्यावर घेतली आहे, कारण पावलांची लांबी चेंडू सोडण्याच्या स्थितीवर अवलंबून असते आणि ती स्थिती आता ठरली आहे. पॉपिंग क्रीजवर, म्हणजे यष्ट्यांच्या पुढच्या आडव्या रेघेवर, उलटे, सीमारेषेकडे तोंड करून उभे राहावे, मनाजोगत्या वेगाने धावावे आणि जेथे उडी घेऊन चेंडू टाकावासा वाटेल तेथे टाकावा. जोडीदाराने पुढच्या पायाच्या जागी खूण करावी. सहा-सात वेळा केल्यावर खुणा जेथे दाट होतात तेथून धाव सुरू करावी आणि ते अंतर पावलांत न मोजता दोरीने मोजून लिहून ठेवावे. दमल्यावर पावले लहान होतात.

पुढच्या पायाचा काही भाग, तो हवेत असला तरी, पॉपिंग क्रीजच्या मागे हवा; मागचा पाय रिटर्न क्रीजला, म्हणजे यष्ट्यांच्या बाजूच्या उभ्या रेघेला, स्पर्शही न करता तिच्या आत पडायला हवा. शेतवडीत यांपैकी एकही रेघ नसते, म्हणून नेटमध्ये दोन्ही रेघा दररोज फक्कीने आखाव्यात. नेटमधला नो-बॉल ‘सराव आहे’ म्हणून सोडून देणाऱ्याचा सामन्यातला नो-बॉल थांबत नाही.

धावताना अडखळणे, हात विचित्र हलवणे, तिरके येणे या गोष्टी तशाच राहू द्याव्यात, फक्त शेवटची चार पावले दर वेळी सारखी पडली पाहिजेत.

चेंडू सुटल्यावर दोन-तीन पावलांत खेळपट्टीवरून बाजूला व्हावे. पॉपिंग क्रीजपासून १.५२ मीटर पुढे, मधल्या यष्टीच्या दोन्ही बाजूंना सुमारे ३० सेंटिमीटरचा पट्टा गोलंदाजाला वर्ज्य आहे. मॅटवर शिकलेल्यांना मातीच्या खेळपट्टीवर पंचांची ताकीद मिळते ती येथेच.

टप्पा ७ : नेटमधून सामन्यात

क्रम असा ठेवावा: आधी लक्ष्याशिवाय, मग यष्टीपासून सहा मीटरवर मारलेल्या फक्कीच्या चौकोनावर, मग फलंदाजासमोर. वेग कमी असणाऱ्याने चौकोन थोडा यष्ट्यांकडे सरकवावा. मॅटवर चेंडू जास्त उसळतो, तेथेही तो पुढेच घ्यावा. फलंदाज समोर आला की जुनी ॲक्शन काही दिवस परत येते. त्याने घाबरून नवा बदल सुरू करू नये. एका वेळी एकच दुरुस्ती करावी. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने एका दमात सहा आणि दिवसात बारा षटकांपलीकडे जाऊ नये, त्याहून लहानांनी पाच आणि दहा. यात नेटमधले चेंडूही धरावेत, कारण कंबर दोहोंत फरक करत नाही.

सामन्यात ॲक्शनचा विचार करायचाच असेल तर एका शब्दापुरता करावा, जसे ‘खांदे’ किंवा ‘डोके’. बाकी सगळे चित्रण पाहताना.

या आठवड्यांत गल्लीची टेनिस स्पर्धा आली तर अडचण होते, कारण संघाला नाही म्हणता येत नाही. तिसरा टप्पा पूर्ण झाला नसेल तर त्या स्पर्धेत फलंदाजी आणि क्षेत्ररक्षणावर थांबावे व तसे कर्णधाराला आधी सांगावे. तो टप्पा पार झाला असेल तर दोन षटके टाकायला हरकत नाही, मात्र पूर्ण जोर लावू नये. स्पर्धा संपल्यावर लेदरचा चेंडू घेऊन पुन्हा बारा चेंडू नोंदवावेत, पहिल्या नोंदीशेजारी ठेवून पाहावेत, आणि खांदे मागे वळू लागलेले दिसले तर तिसऱ्या टप्प्यातील दुसऱ्या पायरीपासून सुरुवात करावी.